अक्षर कोरणाऱ्याला दगड नको

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा कबरींच्या दगडांवर अक्षरे कोरणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छाती नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, तेव्हा सत्तावीस वर्षे कोरलेल्या दगडाची पूड कुठे जात होती ते कळले. मजवर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारे माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, या वेळी दुकानात आहेत.

दुकान आम्हा दोघा भावांचे, निम्मे निम्मे. पुढच्या भागात दादा शवपेट्या विकतात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी अक्षरे कोरतो. पुढे रडणे, मागे ठोकणे, असा आमचा कारभार आहे.

कलम १. देह. घर आणि बचत यांच्याआधी देह घेतला, कारण घर चार दिवस थांबू शकते.

माझा देह माझ्या पत्नीने साध्या पाण्याने धुवावा. तो टिकवण्यासाठी औषधे टोचू नयेत. गालांना रंग लावू नये. जिवंतपणी मी कधी इतका टवटवीत नव्हतो, लोकांना वाटेल चुकीच्या घरी आलो. कपाटाच्या वरच्या फळीवर पांढरी सुती चादर आहे, तीत गुंडाळावे. तिच्या एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग आहे, तो पायाकडे घ्यावा. मग वस्तीबाहेरच्या गवताच्या रानात न्यावे. ते रान एक निवृत्त परिचारिका चालवतात. तिथे पेटी नाही, सिमेंट नाही, दगड नाही. तीन फूट खड्डा, माती आणि वर गवत. कोण कुठे आहे ते बाईंच्या वहीतल्या नकाशात लिहिलेले असते. माझी जागा ठरवून ठेवली आहे.

हे दादांना सांगितले तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"अरे, लोक काय म्हणतील? शवपेटीवाल्याचा भाऊ चादरीत गेला!"

"धुतलेल्या चादरीत, दादा."

"थट्टा करू नकोस. तुला मी 'सम्राट' देणार होतो."

'सम्राट' म्हणजे आमच्या दुकानातली सर्वांत भारी पेटी. दादांचे मन मोठे आहे यात शंका नाही. ते मन झाकणासकट साडेसहा फूट भरते.

कलम २. 'सम्राट' का नको, हे लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील भावाभावांत वाकडे होते. वाकडे होतेच, पण ते पुढे येईल. 'सम्राट'च्या सोनेरी मुठी प्लास्टिकच्या असतात. त्यांना धरून पेटी उचलली तर मुठी हातात येतात आणि सम्राट जागेवरच राहतो, म्हणून खांदेकऱ्यांना दादा कानात सांगतात, "खालून धरा." आतल्या रेशमी उशीत सुताराच्या रंध्याखालचा भुसा असतो. झाकणाला रबराची पट्टी असते, शंभर वर्षे पाणी आत जाणार नाही अशी हमी. मी एकदा विचारले की हमी खोटी ठरली तर तक्रार करायला कोण येणार. तेव्हापासून गिऱ्हाईक असताना मला पुढे यायला बंदी आहे.

मी रोज सकाळी छिन्नी उचलण्याआधी देवाचे नाव घेतो, मनातल्या मनात. माझी समजूत साधी आहे. वापरायला घेतलेली वस्तू परत देताना पुसून द्यावी, तिला सोनेरी मुठी बसवून देऊ नये. ज्याने घडवले त्याला ओळखू येईलच.

कलम ३. दगड. माझ्यावर कसलाही दगड ठेवू नये, फुकट मिळाला तरी. सत्तावीस वर्षांत मी एकही तुसडा माणूस कोरलेला नाही. सगळे प्रेमळ, सगळे मनमिळाऊ, सगळ्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी. एवढे प्रेमळ लोक राहत असताना आमच्या गल्लीत रोज भांडणे कोण करत होते, हे मला अजून कळलेले नाही.

शिवाय दगडावरचे खोडता येत नाही. आमच्याकडे एक मुख्याध्यापक होऊन गेले. जन्मभर त्यांनी मुलांच्या ऱ्हस्वदीर्घावर लाल शाई सांडली. त्यांच्या दगडावर 'येथे चिरनिद्रा घेत आहेत' असे कोरायचे होते. मी 'चिरनिंदा' कोरले. जाणूनबुजून केले नाही, हे मी या दस्तऐवजात गांभीर्याने नमूद करतो. दीड महिना कोणाच्या लक्षात आले नाही. मग मीच त्यांच्या पत्नीला दगडापाशी नेऊन माफी मागितली, दगड बदलून देतो म्हणालो. त्यांनी चष्मा लावून दगड वाचला आणि म्हणाल्या, "राहू द्या हो. निद्रा त्यांना कधीच नव्हती."

मी गावच्या शाळेत जमिनीवर बसून शिकलो. धुळीत बोटाने अक्षर काढायचे, चुकले की तळहाताने पुसायचे. त्याहून चांगली पाटी मला पुढे भेटली नाही. मला तिच्यातच जायचे आहे.

कलम ४. दादांनी वरील कलमे मोडून मला कोणत्याही पेटीत, सिमेंटमध्ये किंवा दगडाखाली घातले, तर दुकानातला माझा निम्मा हिस्सा रस्त्यापलीकडच्या शवपेटीवाल्याला जाईल. होय, त्याच. ज्याने आपल्या दाराला दादांच्या दारासारखाच रंग दिला आणि ज्याच्याशी दादा अकरा वर्षे बोलत नाहीत, त्याच्याबरोबर मग रोज एकाच गल्ल्यावर बसावे. दादांनी कलमे पाळली, तर तो हिस्सा दादांचाच.

कलम ५. राहते घर, बँकेतील बचत, शिवणयंत्र, सायकल आणि माझे मौन, ज्याबद्दल तिची नेहमीची तक्रार असे, हे सर्व माझ्या पत्नीला.

कलम ६. माझ्या एकतीस छिन्न्या आणि दोन्ही हातोडे दादांना. त्यांनी एकदा तरी धार लावून पाहावी. आईच्या दगडावर खाली 'शोकाकुल' म्हणून दादांनी स्वतःचे नाव सांगितले आणि पुढे 'व परिवार'. मी म्हणालो, माझेही नाव घालू. दादा म्हणाले, "जागा कुठाय?" जागा होती. सत्तावीस वर्षे जागाच मोजतो मी. तरीही 'व परिवार' मीच कोरले, आणि नीट कोरले. आईला मी त्या 'व'मध्ये भेटतो. याबद्दल दादांना माफ केले आहे, असे लिहायचे होते. निम्मे केले आहे. दुकानासारखेच.

कलम ७. हे कलम मुळात नव्हते. काल मसुदा पत्नीला वाचायला दिला. तिने भाजी निवडता निवडता वाचला आणि कलम १ वर बोट ठेवले.

"आणि मी यायचं कुठे?"

"रानात."

"रानात कुठे? सगळं गवतच ना?"

"बाईंच्या नकाशावर क्रमांक आहे."

"म्हणजे मी क्रमांकाशी बोलू?" मग एक देठ मोडून, "शेजारी कोण आहे तुमच्या?"

"अजून कोणी नाही."

"अजून म्हणजे?"

"म्हणजे... येईल कोणीतरी."

"कोणीतरी!" ती म्हणाली आणि देठ कचऱ्यात टाकायला उठली. परतायला तिने जेवढा वेळ लावला, तेवढा देठ टाकायला लागत नाही.

पेटी, भुसा, रबर, माती, देव, सगळ्यांचा विचार मी केला होता. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर जागा मात्र एकट्यासाठी धरून आलो होतो. दादांना एवढी नावे ठेवून शेवटी मी बायकोला 'व परिवार'मध्येसुद्धा घेतले नाही.

आज सकाळी आम्ही दोघे रानात गेलो. माझी जागा तिला दाखवली. तिने चपला काढून गवतावर पाय ठेवून पाहिला, मग खाली बसली, मग म्हणाली, "थंड आहे." बाईंनी वही उघडली आणि विचारले, शेजारची कुठली लिहू, दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. मी म्हणालो, कुठलीही चालेल.

"कुठलीही कशी चालेल?" पत्नी म्हणाली. "डावी लिहा, बाई. ठोकून ठोकून यांचा उजवा कान केव्हाच गेलाय. त्या बाजूला पडून मी कुणाशी बोलणार?"

तरी माझ्या डाव्या हाताची शेजारची जागा माझ्या पत्नीसाठी राखून ठेवली आहे. ती दुसऱ्या कोणासही देऊ नये.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३
मृत्युपत्र करणार: (सही. दगडावर असती तर वाचता आली असती.)

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली. सही करणारा शुद्धीवर होता आणि त्याला कोणी भरीस घातलेले नाही.
साक्षीदार १: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार २: छातीचे डॉक्टर (सही)