एक मेच्या आत

११ एप्रिल
बॉस्टनच्या कॉलेजचं मदतीचं पत्र आलं. नऊ हजार डॉलर! वर्षाचा खर्च ऐंशी हजार.
अर्जात दोन वर्षांपूर्वीची मिळकत धरतात. तेव्हा आई होती. नर्स होती, बाबांपेक्षा जास्त कमवायची. गेल्या नोव्हेंबरात गेली, पण त्यांच्या कागदावर अजून कामावर जातेय.

१२ एप्रिल
शाळेतल्या सीअर बाई म्हणाल्या, "फेरविचाराचा अर्ज कर. मृत्यूचा दाखला जोड."
झेरॉक्स मीच काढली. यंत्रानं कागद पालथा बाहेर टाकला, तेवढं बरं.

१९ एप्रिल
उत्तर नाही. एक मेच्या आत कुठंतरी तीनशे डॉलर भरून जागा धरायची. भरले की परत नाहीत.
इथलं कॉलेज वीस मिनिटांवर. त्यांनी जवळजवळ सगळी फी माफ केलीय. पण मला समुद्रातले जीव शिकायचेत — इथं बटाट्यावरची कीड शिकवतात!
बाबा म्हणाले, "दोन्हीकडे भर. कोण बघतंय?"
बाई म्हणतात, तसं करू नये. दुसऱ्या कुणाची तरी जागा अडते.

२७ एप्रिल
शनिवार. ओंडक्यांचा ट्रक दारात उभा, बाबा घरी. त्यांनी प्लोय केले — आई करायची ती पिवळी धिरडी. करपली. मेजावर ताटल्या मांडल्या, तीन. तिसरीकडे नुसते बघत राहिले. मग उचलली आणि नळाखाली धरून धुतली. कोरी ताटली!
मी ती पुसून फडताळात ठेवली.

३० एप्रिल
बॉस्टनला फोन केला. "तुमचे कागद बघतोय," एवढंच.
बाबांना म्हटलं, इथंच भरते.
"माझ्यासाठी थांबू नकोस हं, पोरी. मी काय कुकुलं बाळ आहे?"
"तुमच्यासाठी कोण थांबतंय! पैशासाठी."
"मग ठीक," म्हणाले. किती पटकन म्हणाले!

१ मे
इथले तीनशे भरले.
संध्याकाळी बाबा अंगणात शीळ घालत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

६ मे
बॉस्टनचं पत्र आलं. फी, राहणं, जेवण — सगळं देतायत. शुक्रवारपर्यंत जागा राखून ठेवतील.
"काय म्हणतात?" बाबांनी दारातूनच विचारलं.
"नाही म्हणतात."
"हलकट लेकाचे!" म्हणाले, आणि मला घट्ट जवळ घेतलं.