डिस्चार्जच्या आत एसी

१२ मे, सकाळी ७.१०
हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन काल झालं. उत्तम. शनिवारी डिस्चार्ज. शुद्धीवर येताच ही म्हणाली, पाच उन्हाळे तुमच्या गाडीच्या त्या भट्टीत भाजून निघाले, घरी टॅक्सीनेच जाईन. चारचौघांत, नर्ससमोर. मी शब्द दिला: शनिवारच्या आत एसी गार. ही म्हणाली, ते राहू द्या, बसा जरा. पण हातात पाचच दिवस. निघालो.
मेकॅनिककडे जायचं नाही. ते लोक घाई करतात.

१२ मे, दुपारी ४
डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर काढला. सुकी पानं, उंदराचं घर, त्यात माझाच मोजा. रोगाचं मूळ सापडलं. अर्धं काम झाल्यातच जमा.

१३ मे
नवा फिल्टर बसवला. हवा गरमच, मात्र स्वच्छ गरम.
रेडिएटरच्या पुढची जाळी तपासली. बारीक पाती वाकलेली. हिच्या भुवयांच्या चिमट्याने एकेक सरळ करतोय. आज ३१२.
लेकीचा फोन: बाबा, आई वाट बघतेय. म्हटलं, तिचंच काम करतोय.

१४ मे, सकाळी
एकूण ६४०. मान धरली.

१४ मे, संध्याकाळी
दवाखान्यात जाऊन आलो. हिला पात्यांबद्दल सविस्तर सांगितलं. हिने डोळे मिटले. औषधाची गुंगी असावी.
गॅस घरी भरता येत नाही, एवढ्यापुरता एसीवाल्याकडे गेलो. म्हणाला, काका, ठेवून जा, सगळंच बघतो. म्हटलं, फक्त गॅस. भरला. गार! तो म्हणाला, गॅसच संपला होता. याला पात्यांचं काय कळणार?

१५ मे, सकाळी ६.३०
एसी लावून पाहिला, तर गाडीखाली पाणी ठिबकतंय. एसीवाल्याचा हलगर्जीपणा. गळती स्वतः शोधली: एक रबरी नळी. बूच ठोकलं. थेंब बंद. गॅरेज काढलं असतं तर आज कुठे असतो!
तासभर एसी लावून गाडीतच बसलो. घरात एकट्याला करमत नाही.

१५ मे, दुपारी ३
गाडीत पायाखाली डबकं. एसीवाल्याला फोन. आधी पोटभर हसला. मग म्हणाला, काका, एसीचं पाणी त्याच नळीने बाहेर पडतं, ते पडायलाच हवं. बूच काढलं. हे तो आधी सांगू शकला असता.

१६ मे, सकाळी
कार्पेटला कुबट वास. पेशंटला असल्या वासात बसवणं मला पटत नाही. उन्हात वाळवायचं ठरवलं. कार्पेट अखंड, म्हणून सगळ्या सीट काढल्या. बोल्ट क्रमाने डब्यांत. माणूस शिस्तीचा असला की असं काम अवघड नाही.
लेक म्हणाली, आज तरी याल का? म्हटलं, उद्या न्यायलाच येतोय की.

१६ मे, रात्री १०
कार्पेट वाळलं. माझी सीट बसवली. बाकीच्यांच्या बोल्टचे आटे गेले. जोर जास्त झाला नाही, बोल्टच हलके. दुकानं बंद. सकाळी बघू.

१७ मे, संध्याकाळी ५
एसी अप्रतिम. आत अठरा डिग्री, थर्मामीटरने दोनदा मोजलं. त्या मापाचे बोल्ट सकाळी मिळाले नाहीत, म्हणून सीट एकच.
दवाखान्यापाशी लेकीने गाडीच्या दारातून डोकावून पाहिलं आणि काहीही न बोलता टॅक्सी बोलावली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.
टॅक्सी पुढे, मी मागे. टॅक्सीच्या चारही काचा खाली. ही ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती आणि तो स्टिअरिंगवर हात मारून हसत होता. माझ्या काचा बंद, त्यामुळे ऐकू आलं नाही. बोटं गारठली होती. एसी कमी केला नाही.
घरी हिला पलंगावर टेकवलं, पायाखाली उशी दिली. सांगितलं, अठरा. ही म्हणाली, बरं. मग म्हणाली, एवढं सगळं मोजता, तर या पाच दिवसांत माझ्याजवळ किती मिनिटं बसलात तेही सांगा.
मनातल्या मनात बेरीज केली. दोनदा केली. बरोबर आहे. आकडा इथे लिहीत नाही.