पाठीखालचा हात

सर, रविवारी आईला घेऊन तो जिम्नॅस्टिक्सचा सिनेमा पाहून आलो. त्यातला कोच अगदी तुमच्यासारखा, शिट्टी गळ्यात आणि ओठ घट्ट मिटलेले. एक मुलगी मागे कोलांटी मारायला घाबरते. तो रोज तिच्या पाठीखाली हात धरतो आणि एक दिवस न सांगता काढून घेतो. ती दोन्ही पायांवर नीट उतरते. थिएटरभर टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. आईनेही नाही, तिने माझं उजवं कोपर धरून ठेवलं होतं, जे आता सरळ होत नाही.

हे मराठीत लिहितो, कारण तुम्ही मला मराठीतच रागवायचात. अग्रहार भागातल्या तुमच्या सरावाच्या हॉलमध्ये शाबासकी कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. शिव्या मात्र जवळ येऊन, आपल्या भाषेत, हळू आवाजात. "आपले पणजे महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते रे, आणि तू गादीला भितोस?" सराव संपल्यावर तुमच्या घरी काकू गरम उप्पीट वाढायच्या. तुम्ही स्वतःच्या ताटलीतले काजू वेचून माझ्या ताटलीत टाकायचात. हेही लिहितो, नाहीतर म्हणाल, पोरगं अर्धंच सांगतं.

तो दिवस अजून समोर आहे: मी तेरा वर्षांचा आहे. गादीवर उभा राहून विचारतो, "हात आहे ना, सर?" तुम्ही म्हणता, "आहे." मी मागे उडी घेतो. हात नाही. गादीच्या बाहेर, फरशीवर, कोपरावर येतो. तुम्ही म्हणता, "ऊठ. कोलांटी आलीच होती की!" आणि संध्याकाळी बाबांना कन्नडमध्ये सांगता की याचं लक्ष नव्हतं. बाबांनी तुमचं खरं मानलं. दोन ऑपरेशनं झाली, नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पडलो याची तक्रार नाही सर, या खेळात सगळेच पडतात. तुम्ही "आहे" म्हणालात, त्याची आहे.

आता मी शहराबाहेर हूटगळ्ळीत लहान मुलांना हाच खेळ शिकवतो. वर्गाआधी गाद्यांचे चारी कोपरे दोनदा तपासतो; मुलं हसतात, हसू देत. सोमवारी एका मुलीचे वडील आले, आपल्यातलेच, घरी मराठी बोलणारे. त्यांनीही तोच सिनेमा पाहिला होता. "सर, तुम्ही तुंबा मऊ हो, फारच मऊ. स्वल्प कडक व्हा की. हात काढा, आपोआप येते बघा तिला." आणि दारातच उभे राहिले.

मुलीने विचारलं, "हात आहे ना, सर?"

"आहे."

वडील तिच्या मागून मला डोळ्यांनी खुणावत होते, काढा, काढा. मी काढला नाही. चार वेळा तिने उडी घेतली, चारही वेळा तिची पाठ माझ्या तळहातावर आली.

"असं किती दिवस धरणार?" ते म्हणाले.

"ती 'सोडा' म्हणेपर्यंत."

"मग झालंच की! चल गं, आपण दुसरीकडे बघू."

चपला घालता घालता तिने वडिलांना विचारलं, "तिथले सर हात धरतात?"

"धरतात, धरतात."

तिथलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. मोठ्या माणसांसमोर माझा आवाज कापतो हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हाही कापला. पण म्हणालो, "खोटं सांगू नका तिला. आधी जाऊन बघा, मग सांगा." सगळा वर्ग थांबला. ते तिला घेऊन गेले. मंगळवारी ती आली नाही, आजही नाही. तरी मी माझी पद्धत बदलणार नाही. तुमच्या हाताखाली किती पदकं आली, हे मला कुणी सांगू नये.

हे पत्र तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवायला घेऊन जाणार होतो. पण काकू वाचतील, म्हणून माझ्याचकडे राहील. एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. हात नाही हे कळलं आणि फरशी लागली, त्या दोहोंच्या मध्ये मी हवेत एकटाच होतो, आणि मला मजा आली होती. ते श्रेयही तुम्ही घेतलं असतंत, म्हणून कधी बोललो नाही.