कापसाच्या खोलीतले गुरुवार

राळेगाव, दि. ११ मे २०२०

चि. मितालीस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नागपुरात दवाखान्याची नोकरी लागली अन् आजी तुझ्या ध्यानातून पार उतरली. म्हणून ओळख देते. मी सत्यशीला, तुझ्या आईची आई. मले अक्षर येत नाही. शेजारची आयशाबी शिवणाची मशीन थांबवून हे लिहून राह्यली. फोन काहून नाही केला, विचारशीन. फोन तुझ्या मंजुषामामीजवळ असते, अन् गोष्ट तिच्यापासूनच लपवाची आहे.

तुझा अवधूतमामा कपाशीवर फवारता फवारता विषबाधेनं गेला, त्याले दिवाळीत तीन वर्षं होतीन. त्या सकाळी त्याचं डोकं दुखत होतं, तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, दोनच पंप राह्यले, मारून मोकळा हो. (इथं आयशाबीनं पेन थांबवला. लिही म्हटलं.) हे मी फक्त यवतमाळच्या समुपदेशक मॅडमले सांगितलं. दर गुरुवारी एसटीनं जात होती, त्या दार लावून घेत. मामीले वाटे, आजी झोपेच्या इलाजाले जाते.

आता लॉकडाऊनपायी मॅडम फोनात दिसतात. फोन मामी लावून देते अन् भाजी निवडत तिथंच बसते. मंग मी सांगते, बरी आहे, जेवते, झोपते. तिकडे मी गप्प बसली तर मॅडमही गप्प बसत. इथं गप्प बसली की विचारतात, आजी, आवाज येतो काय? मागच्या गुरुवारी म्हणाल्या, आता तुम्ही बऱ्या झाल्या, एकदोनदा बोलू अन् थांबवू. मी हो म्हणून बसली. झोप तर अजून येत नाही. थकली पोरी. काही सुचव.

आयशाबीचा सलाम. फोनवर यातलं काही बोलू नको.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
तुझी आजी


नागपूर, दि. २३ मे २०२०

ती. आजीस मितालीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

विसरले नाही गं. वॉर्डातून परतले की पायांत जीव राहत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. मामाबद्दल काय लिहावं ते कळत नाही, म्हणून आज कामाचंच लिहिते.

कापूस खरेदी बंद आहे, म्हणजे मागची खोली अजून भरलेली असेल. लहानपणी आम्ही त्या कापसात लपून ओरडायचो तरी बाहेर ऐकू जायचं नाही. तिथं बस. फोन आयशामावशींचा घे. त्यांनी लावून द्यावा आणि बाहेर यावं. मॅडमना आधी हेच सांग, की बरी आहे म्हणाले ते खोटं होतं. शेजारी कोण बसलंय ते त्यांना फोनात दिसत नाही.

मामीला कधीतरी सांगावं असं मला वाटतं. पण ते तुझं तू ठरव.

तब्येत सांभाळ, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी मिताली


राळेगाव, दि. १३ जुलै २०२०

चि. मितालीस आशीर्वाद, वि. वि.

तुझी अक्कल कामी आली. मामीले म्हटलं, मॅडमनं बोलणं थांबवलं, अन् पाच गुरुवार आयशाबीचा फोन घेऊन कापसात बसली. अंगभर खाज, नाकात धागे, घामानं लुगडं ओलं. आयशाबी म्हणे, आजी, भूत दिसून राह्यल्या. पण मॅडमले सगळं सांगितलं, अन् दोन रात्री झोपली.

मंग खरेदी सुरू झाली. मंगळवारी टेम्पो येऊन कापूस घेऊन गेला. मी सवयीची गुलाम. गुरुवारी रिकाम्या खोलीतच जाऊन बसली. टिनाखाली आवाज किती घुमते, हे बोलताना ध्यानातच नाही आलं. मागं मामी भांडे घासत होती.

तीन दिवस तिनं ताट वाढलं, बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढंच विचारलं, ते खरंच नको म्हणाले होते काय. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मले तर काहीच बोलले नव्हते. अन् उठून गेली.

या गुरुवारी तिनं फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाली, आज मॅडमसंग मी बोलते. खोलीचं दार आतून लावलं. मी पायरीवर बसली. ती हळू बोलत होती, एक शब्द समजला नाही. अर्धा घंटा इतका लांब असते, हे मले माहीत नव्हतं. बाहेर आली तं डोळे सुजलेले. पुढचा गुरुवारही तिनं मागून घेतला. मी देऊन टाकला.

अजून आमचं बोलणं चहा ठेवू काय एवढंच आहे. तू तिले काही समजावू नको.

माया राहू दे.
तुझी आजी

ता. क. संत्र्याची बर्फी पाठव. डबा एकच, अन् मामीच्या नावानं. माझं नाव कुठंच टाकू नको. तिनं आपल्या हातानं दिली तर खाईन. मागणार नाही.