चूलबंद आवतण

कुरुंद्याजवळची वाडी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. रुक्माआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा मोबाईल हळदीच्या कढईत शिजल्याचं कळलं, म्हणून पत्र.

मला सातवीचा वर्ग मिळालाय. पट नऊ, वर्गात शून्य. नऊही जण रोज वेळेवर येतात, दप्तरासकट कंपाऊंडच्या भिंतीवर बसतात, खिचडीपुरते उतरतात आणि पुन्हा चढतात. आधीचे गुरुजी दिवाळीआधी रागाच्या भरात म्हणाले होते, की तुम्हाला इथं बोलावलंय कुणी? तेव्हापासूनचा हा रुसवा. त्यांची पुढारी कोमल. तिला विचारलं तर म्हणते, आमाला आवतण न्हाई, बिनबोलावलं काहून यावं. हेडमास्तर म्हणतात, छडी घ्या. मी भिंतीखाली खुर्ची टाकून वर बघत शिकवते. मान धरलीय.

खरी काळजी वेगळीच. कोमलचे वडील सांगून गेले, की भिंतीवरच बसायचं तर पोरगी पुढच्या सोमवारनंतर हळद काढायला येईल. एकदा गेली की ती परत येत नाही. मला झोप लागत नाही.

रुसलेल्या पाहुण्यांचा तुमचा अनुभव दांडगा. काही सुचवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
शितल

आखाडा बाळापूर,
५ फेब्रुवारी

चि. शितलला आत्याचे अनेक आशीर्वाद.

लेकरांचं बराबर आहे. तुझ्या ताईच्या लग्नात आमच्या ह्यांना टोपी-टॉवेल द्यायचा राहिला, तर हे तीन तास मंडपाबाहेर जीपमध्ये बसून होते. टोपी मिळाली तसे उतरले आणि स्वतःच पंगतीत वाढायला लागले. छडी दाखवून कुणी जावई ताटावर बसवलाय का? घरोघर जा, अक्षता दे, नाव घेऊन सांग. तोंडदेखलं नको, चूलबंद सांग.

नवीन मोबाईल पाठवू नकोस. पत्रात मधेच कुणी बोलत नाही.

मान शेकत जा. माया आहेच, ती उतू जाऊ दे.
रुक्माआत्या

वाडी, ११ फेब्रुवारी

ती. आत्यांना, शि. सा. न.

तुमचं ऐकलं. रविवारी नऊ घरी अक्षता दिल्या. चूलबंद सांगितलं, म्हणजे घरात चूल पेटवू नका, सगळ्यांनी या. मला वाटलं, शाळेचं आवतण कोण खरं धरतं?

सोमवारी त्रेसष्ट माणसं आली. कोमलची आजी पद्माबाई खाटेसकट आली. पुढचा बाक मिळाला नाही म्हणून कोमलचे चुलते रुसले, त्यांना माझी खुर्ची दिली. मुलं भिंतीवरून उतरून दारात उभी राहिली, मी एकेकाला नावानं आत घेतलं. मग अपूर्णांक शिकवले, कारण तयारी तेवढीच होती. सगळ्यांनी शांतपणे ऐकले. त्यांना वाटलं, जेवणाआधी हे असतं.

जेवण नव्हतंच. खिचडी नऊ जणांची. मला रडू फुटलं, ते कोमलनं पाहिलं आणि आठही जणांना घेऊन ती बाहेर पडली. हेडमास्तर म्हणाले, बघा, पळाली तुमची पाहुणे मंडळी.

तासाभरात ती बैलगाडी घेऊन आली. गाडीत नऊ घरांचं बेसन, रात्रीच्या उरलेल्या भाकऱ्या आणि हळद शिजवायची कढई. पिठलं इतकं पिवळं झालं, की सगळ्यांचे हात अजून पिवळे आहेत. मुलांनी वाढलं आणि हे बाईंनीच मागवलंय असं प्रत्येकाला बजावलं. कोमलच्या वडलांना तिनं स्वतः दोनदा आग्रह केला. हात धुताना ते मला म्हणाले, की आवतण देऊन बसवलेल्या माणसाला पंगतीतून उठवत नसतात, राहू द्या पोरगीला.

आत्या, मी पुन्हा रडले.

असाच सल्ला देत राहा, फक्त माणसं आधी मोजायला सांगत जा.
शितल

वाडी, १ मार्च

रुक्माआज्जीला कोमलचा नमस्कार.

पत्ता बाईच्या पाकिटावरून घेतला. आमी आता आतच बसून राहिलो. भिंतीवर बकऱ्या बसतात.

काल आधीचे गुरुजी मोटारसायकलवर चालले होते. शाळेपाशी थांबले, लई वेळ भिंतीजवळ उभे राहिले, पण आत येईनात. मग आमीच नऊ जणांनी जाऊन त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आन् त्यांचं नाव घेऊन आत बोलावलं. ते शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी चष्मा लई वेळा पुसला.

चूलबंद मातर सांगितलं न्हाई. त्यांच्या घरी अकरा माणसं आहेत, आमी आधी विचारून घेतलं.

तुमी या. तुमाला चूलबंद.
कोमल, इयत्ता सातवी, बाक पहिला