सुपारी फोडू नको

चिरंजीव भारतास, सात रस्त्याच्या खोलीवरून आईचे आशीर्वाद. मी अन् तुझी लेक, दोघी बऱ्या हाव. शेरडं कोण चारतंय?

फोनवर ऐकत न्हाईस, म्हणून लिवतेय. दिपालीच्या समाजशास्त्रात धडा हाय, माणसाची पायरी जन्मानंच ठरते असा. मी म्हणलं, "त्याला पुस्तक कशाला? आपलं घर बघ की! पोरगा जन्मला की पाटावर, पोरगी चुलीपाशी." लई हसली. पण मामाच्या पोराशी तिची सुपारी फोडायची तू ठरवलंस, तवापास्नं पुस्तक मिटलंय अन् पोटात अन्न न्हाय.

म्हणते, "आज्जे, पोरगा बरा हाय. पण मला इचारलं कुणी?"

मलाबी कुणी इचारलं न्हवतं. पण इचारायचं असतं, हेच मला ठावं न्हवतं. हिला ठावं झालंय.

पाहुण्यांना चहा पाजून माघारी लाव. मी पोरीला घिऊन येणार न्हाय. लेकाच्या पाया पडायची पाळी आणू नको. तेवढ्यानं थांबणार असशील, तर पडते.

तुझी आई,
तानाबाई