धूर न होणारा कोळसा

उचगाव,
मंगळवार

प्रिय राजवीर,

तुझा मेसेज रविवारी संध्याकाळी आला आणि तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. ‘आक्का, हुक्क्यासाठी चांगला कोळसा पाठव, अजिबात धूर न होणारा, दोन किलो बास.’ खाली हसणारी दोन तोंडं. तुला वाटलं असंल, आक्काची वखार हाय, तिला काय अवघड! अवघड न्हाय रे. तीन जातीचा कोळसा समोर काढून ठेवलाय, खोका आणलाय, चिकटपट्टी आणलीय. काल दोनदा खोका भरला आणि दोनदा रिकामा केला. तुझे दाजी विचारायला लागले, की ह्यात बॉम्ब भरतीस काय. फोनवर सांगायला गेले तर तू दोन मिनिटांत ‘मीटिंग हाय’ म्हणून ठेवणार, आणि मला सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. म्हणून कागद घेतला. बारावीनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चुका काढत बसू नको.

हुक्का ओढतोस म्हणून रागवायला बसलेय असं समजू नको. राग आहेच, तो वेगळा. पार्लरं सरकारनं बंद केली, तर ह्यानं घरातच थाटलं, असं दाजींना सांगितलं तेव्हा ते हसले. तू म्हणतोस तंबाखू नाही, हर्बल हाय, फळांचा वास येतो. येऊ दे की. माझं भांडण त्या चिलमीत काय घालतोस त्याच्याशी नाही. चिलमीवर काय ठेवतोस आणि कुठं बसून ठेवतोस, त्याच्याशी हाय.

रविवारी दुपारी तू व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवलंस. मित्र बसलेले, मधे तो उंच काचेचा हुक्का, एसी चालू, बाल्कनीचं काचेचं दार बंद. वर मोठ्या कौतुकानं सांगितलंस, की सोसायटीचा सेक्रेटरी वासाची तक्रार करतो म्हणून आम्ही बाहेरच्या दाराखाली टॉवेलसुद्धा लावतो. आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर तुझी तेजस्वी, पाचवा महिना लागलेली, कपाळ दाबत बसलेली. मी विचारलं तर म्हणाली, की हल्ली सुट्टीच्या दिवशी फार मळमळतं ताई, डोकं जड होतं, कामाच्या दिवसांत तेवढं नाही होत. आई माझ्या शेजारीच होती. ती खूश! म्हणाली, पोटुशीला होणारच, लक्षण चांगलं हाय. मला मात्र एकच खटकलं. सुट्टीच्या दिवशीच का? हे दिवस गेल्याचं लक्षण असतं, तर सोमवारी ते रजेवर जातं का रे?

मी नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक हाय. कोपऱ्यावरच्या दुकानातनं त्या गोल काळ्या टिकल्या आणशील, काडी लावली की फुरफुर करत पेटणाऱ्या. त्यात लवकर पेटायला सोरा घातलेला असतो, फटाक्याची दारू करतात त्यातला. पेटताना वास घेऊन बघ, दिवाळीची आठवण येईल. त्या घरात आणूच नको. बाभळीचा कोळसा इस्त्रीवाल्यांना ठीक, हुपरीच्या चांदीवाल्यांना ठीक, पण ठिणग्या उडवतो, तुझी सतरंजी जाळील. हुक्क्याला लोक नेतात तो नारळाच्या करवंटीचा, चौकोनी वड्या पाडलेला. अलीकडं कोल्हापुरातनं बुलेटवर बसून पोरं येतात न्यायला. मला मावशी म्हणतात आणि नजर चुकवतात. आबा असते तर एकेकाची हजेरी घेतली असती त्यांनी.

आबांनी मला कोळसा ओळखायला शिकवला तेव्हा मी दुसरीत होते. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर ओला नाहीतर कच्चा. मोडला की आत चमक दिसली पाहिजे. राख पांढरी पडली पाहिजे, मातकट पडली तर वड्यांत माती मिसळलीय. आणि पेटवायचा तो बाहेर, उघड्यावर, चांगली दहा मिनिटं, उलटापालटा करत. सगळ्या बाजू राखाडी होऊन कुठंही काळा ठिपका उरला नाही की मगच उचलायचा. आबा म्हणायचे, धूर करतो तो कोळसा न्हवं, ते लाकूडच की, नुसतं तोंड काळं केलेलं! आपल्या वखारीचा कोळसा धूर करत नाही, ह्याचा त्यांना केवढा ताठा होता. मलाही होता. वर्गात सांगायचे मी पोरींना.

आता हे एवढं सगळं लिहिलं आणि वाचून बघितलं, तर वाटायला लागलं, मी करतेय काय? कोळसा कसा निवडायचा, कसा पेटवायचा, हे तुला शिकवून मी तुला बंद खोलीत बसायला मदतच करतेय की. म्हणून आता नीट ऐक. धूर न होणारा कोळसासुद्धा विष सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, खोकला येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गोड झोप येते. एसी लावला म्हणजे हवा आली असं नाही. तो आतलीच हवा फिरवतो. धुराचा कोळसा परवडला, तो निदान माणसाला उठवून दार तरी उघडायला लावतो. चांगला कोळसा तसं काही करत नाही.

हे तुला कोण सांगतंय, तर वखारीवाली आक्का. तू म्हणशील, घाबरट हाय, हिचं नेहमीचंच. व्हय, आहे मी घाबरट. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकूनच पितं. पण माझं तोंड कुठं पोळलं, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. वखारीत एवढा कोळसा असून आपल्या घरात कधी शेगडी आली नाही, हे तुला विचित्र वाटायचं. लहानपणी तू हट्ट धरलास, की कणीस घरात भाजू, तर आबांनी तुला उचलून रस्त्याच्या कडेला नेलं आणि तिथं भाजून दिलं. तू रुसलास. मी आत जाऊन रडले. तू तेव्हा पाच वर्षांचा असशील.

काल आईनं मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, तेजस्वीचं बाळंतपण थंडीत येतंय, तिच्या माहेरी कुठला आलाय चांगला कोळसा, तू आपल्यातला आत्तापासून निवडून बाजूला ठेव, बाजेखाली शेगडी लागंल. आई ते अगदी सहज बोलली, राजवीर. मी हातातलं ताट खाली ठेवलं, ते पडलंच म्हण की. एकीकडं तुझा मेसेज, एकीकडं आई. दोघांनाही माझ्याकडनं धूर न होणारा कोळसाच पाहिजे.

तर आता लिहिते.

तू एकटा जन्मला नाहीस. तुझ्याबरोबर बहीण होती, तुझ्याहून सात मिनिटांनी लहान. दवाखान्यातनं दोघं सुखरूप घरी आलात. मी अकरा वर्षांची. जानेवारीचा महिना, हाडं गोठवणारी थंडी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक द्यायला शेगडी ठेवायची, त्यावर ओवा आणि वावडिंग टाकायचं, ही घरोघरची रीत. दुसऱ्यांच्या घरात शेणी आणि काटक्या पेटवायचे, धुरानं डोळे झोंबायचे, म्हणून झक मारून खिडकी उघडी ठेवावी लागायची. आपल्या घरात कशाला? आपल्याकडं आबांचा कोळसा. शेगडीचं काम माझ्याकडं होतं. अंगणात पेटवायची, एकही काळा ठिपका ठेवायचा नाही, आणि मग आत आणायची. चिमणाबाई मालिशला यायच्या, त्या म्हणायच्या, बया, पोरीचा हात बघा, धुराचं नाव न्हाय! मी फुगायचे.

अकरावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी तुमचं बारसं, आबा पेढे सांगायला गावात गेलेले. सकाळी न्हाऊन झाल्यावर तू जे रडायला लागलास ते थांबेनास. आईचा डोळा लागत होता, म्हणून चिमणाबाई तुला घेऊन अंगणात उन्हाला बसल्या. तुझी बहीण मात्र आईजवळ दुपट्यात गुपचूप झोपली. चिमणाबाईंनी मला सांगितलं, आईला झोपू दे, गार वारं लागू देऊ नको. त्या दिवशी मी शेगडी जास्तच भरली. खिडकी लावली. दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि बाहेरच्या बाजूनं दाराला पाठ लावून बसले, कुणी उघडू नये म्हणून. तासभर बसले. आतनं आवाज नाही, तर मला बरंच वाटत होतं, की बघा, दोघी कशा शांत झोपल्यात.

आई तीन दिवसांनी दवाखान्यातनं परत आली. तुझी बहीण आली नाही. डॉक्टरनी आबांना कारण सांगितलं, आबांनी मला सांगितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, हे तुझ्या आईला कळता कामा नये, पोरीला थंडी बाधली एवढंच सांगायचं. सगळ्या गावाला त्यांनी तेच सांगितलं आणि तुझ्यासमोर विषय काढायला बंदी केली. त्यांनी मला वाचवलं, पण त्यामुळं आईला आजही वाटतं, की पोरीला ऊब कमी पडली. म्हणून ती तेजस्वीसाठी कोळसा निवडायला सांगते.

रविवारी तुझ्या दाराखालचा टॉवेल बघितला आणि मला माझीच गोधडी दिसली. फोन चालू असतानाच ओरडायला पाहिजे होतं. आई शेजारी होती, तोंड उघडलं नाही. पुन्हा गप्पच बसले.

कोळसा पाठवत नाही. खोक्यात हे पत्र तेवढं हाय. ते हातात पडलं की पहिल्यांदा बाल्कनीचं दार उघड, सेक्रेटरी बोंबलू दे. मग तेजस्वीला घेऊन डॉक्टरकडं जा आणि खोलीत कोळसा पेटत होता, हे लाज न बाळगता सांग. मला काय बोलायचं ते नंतर बोल, बोलू नकोस वाटलं तरी चालेल, तो तुझा हक्क हाय. आईला सांगायचं की नाही, हे मला एकटीला ठरवता येत नाही, त्याला तू लागशील. तू त्या दिवशी रडत होतास म्हणून वाचलास, राजवीर. ती गुणाची होती, ती रडली नाही. तेजस्वीच्या पोटातलंही अजून रडू शकत नाही रे.

तुझीच,
आक्का